खरी बातमी लंडनहून

२५ जून १९७५च्या रात्री दिल्लीतल्या बहादूरशाह जफर मार्गावरची वीज तोडली गेली. राजधानीतल्या बड्या दैनिकांचे छापखाने याच रस्त्यावर होते. सकाळी इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरून आणीबाणी जाहीर केली आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. २८ जूनला 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. पुण्यात यदुनाथ थत्ते यांचं 'साधना' साप्ताहिक सेन्सॉरशी झगडत राहिलं. बहुतेकांनी मात्र मान तुकवली. १९७६मध्ये चार वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' नावाची एकच संस्था केली गेली आणि देशभरच्या दैनिकांत एकाच तोंडची बातमी उमटू लागली.

लोकांच्या ते लगेच ध्यानात आलं. सरकारी आकाशवाणीला तर 'ऑल इंदिरा रेडिओ' असं नाव पडलं.

तरी रेडिओ कुणी बंद केला नाही. गाणी, हवामान, बाजारभाव यांसाठी आकाशवाणी लागायचीच. कुणाला पकडलं, कुठे गोळीबार झाला, हे कळायला मात्र रात्री शॉर्टवेव्हवर बीबीसी शोधायचं. खुंटी केसभर फिरवायची. खरखरीतून आवाज वर यायचा, मध्येच भलतंच स्टेशन घुसायचं. मग संच खिडकीशी न्यायचा, आवाज बारीक करायचा आणि कान लावून बसायचं.

खरं तर बीबीसीचे हातही तेव्हा बांधलेलेच होते. त्यांचे दिल्लीतले वार्ताहर मार्क टली यांना सरकारने देशाबाहेर काढलं होतं. तरीही श्रोत्यांचा भरवसा ढळला नाही, कारण लंडनच्या स्टुडिओत दिल्लीचा सेन्सॉर पोहोचत नव्हता. बातमी किती भरघोस आहे यापेक्षा ती कुणाच्या हातून येते, हे लोकांनी आधी पाहिलं. त्यांचा हा निवाडा रास्तच होता.

६ फेब्रुवारी १९७७ला रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि जगजीवनराम या विरोधी नेत्यांची निवडणूक सभा होती. गर्दी घरात अडकावी म्हणून दूरदर्शनने 'बॉबी' दाखवला. मैदान तरीही भरलं. मार्चमध्ये सरकार पडलं, आणीबाणी संपली.

आकाशवाणीची गेलेली पत मात्र लवकर परतली नाही. ३१ ऑक्टोबर १९८४च्या सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. राजीव गांधी तेव्हा बंगालच्या दौऱ्यावर होते आणि काय घडलंय हे कळावं म्हणून त्यांनीही ट्रान्झिस्टरवर बीबीसीच लावलं. निधनाची बातमी बीबीसीने दुपारीच दिली. आकाशवाणीने ती संध्याकाळी सांगितली, तोवर राजीव दिल्लीत पोहोचले होते.