अबिसीनियाचा धडा : लोकशाही, शांतता आणि साम्राज्यतृष्णा



स्मरणिकेच्या या पृष्ठांत आपण बहुधा आपल्या पूर्वजांच्या वाटचालीचा, संस्थेच्या कार्याचा आणि गुणवंतांच्या यशाचा परामर्श घेत असतो. ते योग्यच आहे. परंतु ज्या समाजाला केवळ आपल्याच घराचा इतिहास ठाऊक असतो, त्याला आपले घर कोणत्या वादळातून वाचले हे कळत नाही. म्हणून यंदा आम्ही वाचकांना जरा दूरच्या प्रदेशात, आफ्रिकेतील अबिसीनियात, म्हणजे इथिओपियात, नेणार आहोत. प्रवास दूरचा वाटला तरी त्याची अखेर आपल्याच रायगड जिल्ह्यातील एका खेड्याशी येऊन भिडते, हे वाचकांस पुढे दिसून येईल.

या कथेचा आरंभ मात्र आफ्रिकेत नसून रोम नगरीत आहे. परक्या भूमीवर चालून जाणारा सत्ताधीश बहुतेक वेळा प्रथम आपल्याच देशातील सभागृह जिंकून घेतो. इटलीत असेच घडले. १९२१ च्या निवडणुकीत ५३५ जागांच्या लोकसभेत मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षाला अवघ्या ३५ जागा मिळाल्या होत्या. तरीही ऑक्टोबर १९२२ मध्ये काळ्या सदऱ्यांची पथके रोमवर चालून निघाली, तेव्हा लष्करी कायदा पुकारण्याच्या फर्मानावर सही करण्यास राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने नकार दिला आणि मुसोलिनीलाच मंत्रिमंडळ बनविण्यास पाचारण केले. ‘सत्तेवर बसला म्हणजे हा मनुष्य आपोआप सौम्य होईल’, असा पुष्कळ शहाण्यासुरत्या माणसांचा कयास होता. तो सपशेल चुकला.

१९२३ मध्ये एक नवा निवडणूक कायदा संमत झाला. ज्या यादीला सर्वांत अधिक मते आणि किमान एकचतुर्थांश मते मिळतील, तिला सभागृहाच्या दोनतृतीयांश जागा द्याव्यात, असा तो अजब कायदा. एप्रिल १९२४ ची निवडणूक दंडेलीच्या छायेत पार पडली. समाजवादी प्रतिनिधी जाकोमो मात्तेओत्ती यांनी ३० मे रोजी भर सभागृहात उभे राहून त्या दंडेलीचा पाढा वाचला. अवघ्या अकरा दिवसांनी, १० जून १९२४ रोजी, रोमच्या रस्त्यावरून त्यांना पळवून नेण्यात आले आणि त्यांचा खून झाला. ऑगस्टमध्ये त्यांचे प्रेत सापडले.

यानंतर जे घडले ते लोकशाहीवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. विरोधी पक्षांचे प्रतिनिधी निषेध म्हणून सभागृहाबाहेर पडले. त्यांचा संताप न्याय्य होता, हेतू शुद्ध होता. पण त्यांनी रिकामी केलेली बाके मुसोलिनीच्या पथ्यावरच पडली. राजा हस्तक्षेप करील ही त्यांची आशा फोल ठरली. ३ जानेवारी १९२५ रोजी मुसोलिनीने सभागृहात उभे राहून घडल्या गोष्टींची सारी जबाबदारी उघडपणे शिरावर घेतली आणि ‘काय करता ते करा’ असे जणू आव्हानच दिले. कोणी काही करू शकले नाही. १९२६ अखेर विरोधी पक्ष बेकायदा ठरले, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली आणि इटलीतील लोकशाहीची प्राणज्योत मालवली.

ज्या राज्यात प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही, त्या राज्यात युद्ध पुकारणे फार सोपे होते. १ मार्च १८९६ रोजी अडोवाच्या रणांगणावर सम्राट मेनेलिक यांच्या सैन्याने इटलीचा दारुण पराभव केला होता. त्या जुन्या अपमानाची खपली मुसोलिनीने मुद्दाम काढली. वास्तविक अबिसीनिया १९२३ पासून राष्ट्रसंघाचा सभासद होता आणि १९२८ मध्ये खुद्द इटलीने त्याच्याशी वीस वर्षांचा मैत्रीचा करार केला होता. पण डिसेंबर १९३४ मध्ये वालवाल येथील पाणवठ्याजवळ झालेल्या चकमकीचे निमित्त पुढे करण्यात आले. सम्राट हैले सेलासी यांनी राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. तिकडे जिनिव्हात कागदांची देवघेव चालू असता इकडे इटलीची सैन्ये सुएझ कालव्यातून आफ्रिकेकडे जातच राहिली. ३ ऑक्टोबर १९३५ रोजी, युद्ध पुकारण्याची औपचारिकताही न पाळता, ती अबिसीनियात घुसली.

राष्ट्रसंघाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आठवड्याच्या आत इटलीला आक्रमक ठरविण्यात आले आणि १८ नोव्हेंबरपासून तिच्यावर आर्थिक निर्बंध लागू झाले. मात्र त्या निर्बंधांतून नेमके खनिज तेल वगळण्यात आले! ज्या तेलावर रणगाडे व विमाने चालतात ते मोकळे, सुएझ कालवाही मोकळा. ब्रिटन व फ्रान्स या लोकशाही राष्ट्रांना हिटलरविरुद्ध मुसोलिनीला आपल्या बाजूस ठेवावयाचे होते; म्हणून त्यांनी चोराला दटावले खरे, पण त्याच्या हातची पहार काढून घेतली नाही. डिसेंबरमध्ये तर ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सर सॅम्युएल होर व फ्रान्सचे लाव्हाल यांनी अबिसीनियाचा मोठा भाग इटलीला देऊन टाकण्याची गुप्त योजना आखली. ती फुटली. ब्रिटिश जनता खवळली आणि होर यांना राजीनामा द्यावा लागला. लोकशाहीचे दोष व तिचे सामर्थ्य या एकाच प्रसंगात एकत्र दिसतात. मंत्री चुकला, पण लोकांनी त्याला खाली खेचले. रोममध्ये अशा प्रकारे कोणाला खाली खेचता येत नव्हते.

रणांगणावर मात्र अनर्थ चालूच होता. विषारी वायूचा वापर न करण्याच्या १९२५ च्या करारावर इटलीची सही होती. तरीही इटलीच्या विमानांनी अनवाणी सैनिकांवर आणि खेडुतांवर कातडी जाळणाऱ्या विषाचा वर्षाव केला. रेडक्रॉसचे रुग्णतळही बाँबमधून सुटले नाहीत. ५ मे १९३६ रोजी अदिस अबाबा पडली. पुढे फेब्रुवारी १९३७ मध्ये इटलीचा राजप्रतिनिधी ग्रात्सियानी याच्यावर हल्ला झाल्याचे निमित्त होऊन त्या नगरीत हजारो निरपराध माणसांची कत्तल झाली.

३० जून १९३६ रोजी निर्वासित सम्राट हैले सेलासी स्वतः जिनिव्हाच्या व्यासपीठावर उभे राहिले. इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजवून त्यांना बोलू न देण्याचा प्रयत्न केला. ते बोलले. प्रश्न केवळ आमच्या देशाचा नसून लहान राष्ट्रांना दिलेल्या वचनांचा आहे, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. त्यानंतर काही दिवसांतच राष्ट्रसंघाने निर्बंधसुद्धा उठविले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसविले होते. दोन वर्षांनी ऑस्ट्रिया गेला, मग म्यूनिचमध्ये चेकोस्लोव्हाकियाचे लचके तोडण्यास संमती मिळाली आणि सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्धाचा वणवा पेटला. शेजाऱ्याचे छप्पर जळत असता ज्यांनी पाणी वाचविले, त्यांचेही घर राहिले नाही.

त्या काळी आपला देश स्वतःच पारतंत्र्यात होता. तरीही त्याची सदसद्विवेकबुद्धी जागी होती. मार्च १९३६ मध्ये पत्नीच्या निधनानंतर युरोपातून परतताना पंडित जवाहरलाल नेहरू रोमला थांबले असता, मुसोलिनीच्या भेटीचा आग्रह होऊनही त्यांनी ती भेट नाकारली. ज्याच्या हाती सत्ता नाही, त्याच्याही हाती ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असतो. तो वापरणे हीदेखील शांततेची एक सेवाच होय.

आता या कथेत महाराष्ट्राचा प्रवेश होतो. इटली जून १९४० मध्ये युद्धात उतरली. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एरिट्रियातील केरेन येथील उभ्या डोंगरकड्यांवर चौथ्या व पाचव्या हिंदी डिव्हिजनांनी घनघोर संग्राम केला. त्यात मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटणही होती. २७ मार्च रोजी केरेन पडले. ५ मे १९४१ रोजी, राजधानी पडल्याला बरोबर पाच वर्षे होत असता, हैले सेलासी अदिस अबाबात परतले. जे काम १९३५ मध्ये तेलाची एक तोटी बंद करून कदाचित साधले असते, त्यासाठी सह्याद्रीच्या कुशीतील शेतकऱ्यांच्या मुलांना आफ्रिकेच्या डोंगरांवर रक्त सांडावे लागले.

हीच पलटण पुढे इटलीत लढली. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर शत्रूच्या मशिनगनचा जवळून मारा झाला आणि त्यांचे सारे सोबती ठार वा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले. हातबाँबने त्यांनी मशिनगन बंद पाडली, एकास गोळी घातली आणि पुन्हा गोळ्या भरण्यास उसंत नाही असे पाहून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानेच लोळविले. नंतर लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी ते धारातीर्थी पडले. त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. माणगाव तालुक्यातील पळसगाव-आमडोशीच्या या सुपुत्रास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर वाहून आणले आणि मग शत्रूच्या मशिनगनी एकट्याने बंद पाडल्या. त्यांनाही तोच सन्मान लाभला. हे वीर कोणत्या ज्ञातीचे, हा प्रश्न आम्ही या ज्ञातीच्या स्मरणिकेत मुद्दामच विचारीत नाही.

एक कटू सत्य येथे नोंदविले पाहिजे. दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी लढणारे हे जवान स्वतः परतंत्र देशाचे होते, आणि ज्यांच्या निशाणाखाली ते लढले त्यांनी हिंदुस्थानचे मत न विचारताच त्याला युद्धात ओढले होते. म्हणून त्यांच्या शौर्याचे मोल कमी होत नाही. उलट मताधिकार नसलेल्या माणसाचे प्राण किती सहजपणे पणाला लावले जातात, याची ती साक्ष ठरते.

इटलीने आपला धडा गिरविला. २ जून १९४६ रोजी तेथील स्त्री-पुरुषांनी मतदान करून राजेशाही मोडीत काढली. १ जानेवारी १९४८ पासून अमलात आलेल्या तिच्या राज्यघटनेच्या अकराव्या कलमाने, इतर लोकांच्या स्वातंत्र्यावर घाला घालणारे युद्ध त्याज्य ठरविले. आपल्या राज्यघटनेचे एक्कावन्नावे कलमही आंतरराष्ट्रीय शांतता व सुरक्षितता यांचे संवर्धन करण्याचा आदेश राज्यास देते. २०२३ मध्ये इटलीतील मोन्तोने येथे यशवंत घाडगे यांचे स्मारक उभे राहिले. ज्या देशाच्या भूमीवर ते पडले, त्याच देशाने त्यांचे ऋण मान्य केले.

परंतु इतिहास कोणासही कायमचे प्रमाणपत्र देत नाही. जिनिव्हात न्याय मागणारे हैले सेलासी स्वतः लोकशाहीवादी नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्णयानुसार १९५२ मध्ये एरिट्रिया इथिओपियाशी संघराज्याच्या नात्याने जोडला गेला. १९६२ मध्ये त्याच सम्राटांनी ती स्वायत्तता मोडून एरिट्रिया गिळंकृत केला. जेथे आपल्या जवानांनी रक्त सांडले, ते केरेन याच एरिट्रियात आहे. प्रदीर्घ संघर्षानंतर १९९३ मध्ये तो देश स्वतंत्र झाला. स्वतः सम्राट १९७४ मध्येच पदच्युत झाले होते. कालचा पीडित उद्याचा आक्रमक होऊ शकतो. म्हणून आपला पक्ष एखाद्या राष्ट्राचा वा राजाचा नसावा, तत्त्वाचा असावा. १९९० मध्ये कुवेतवर आणि २०२२ मध्ये युक्रेनवर झालेल्या आक्रमणांनी हेच दाखविले की, बळाने सीमा बदलण्याची हाव अद्याप जगातून गेलेली नाही.

यातून आपल्यासारख्या सामान्य कुटुंबांनी काय घ्यावे? आम्हांस तीन गोष्टी सुचतात. पहिली, सभागृह रिकामे सोडू नये. आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेपासून विधिमंडळापर्यंत, रागावून घरी बसणाऱ्याची खुर्ची दुसरा कोणीतरी बळकावतोच. दुसरी, प्रश्न विचारणाऱ्यास शत्रू समजू नये. मात्तेओत्तींचा आवाज ज्या दिवशी बंद झाला, त्या दिवशीच अबिसीनियाचे भवितव्य अंधारले. तिसरी, अन्याय दूरच्या माणसावर होत आहे म्हणून तो लहान मानू नये. जिनिव्हातील मुत्सद्द्यांना अबिसीनिया फार दूर वाटला होता. पळसगाव-आमडोशीच्या घाडगे कुटुंबास तो किती जवळचा होता, हे त्यांना कधी कळले असेल काय?

शांतता म्हणजे केवळ बंदुकांचे मौन नव्हे. अबिसीनिया चिरडून पडल्यानंतरही काही काळ युरोपात असे मौन होतेच. न्यायासाठी वेळीच बोललेला शब्द हा तिचा पाया आहे. तो शब्द उच्चारण्याचे धैर्य आपल्या मुलाबाळांच्या अंगी येवो, आणि त्यांच्यापैकी कोणावरही दूरच्या डोंगरावर त्याची किंमत चुकविण्याची पाळी न येवो, एवढीच या स्मरणिकेच्या निमित्ताने प्रार्थना. इत्यलम्.