नारायणगावच्या चैत्री राहुट्या व आपल्या समाजाचा फड

तमाशा हा शब्द उच्चारताच आपल्या समाजातील सुशिक्षित मंडळींच्या कपाळास आठी पडते. मुलांनी शिकावे, नोकरीस लागावे, फडाच्या गाडीमागे धावू नये, असे या मंडळींचे म्हणणे असते व ते गैर नाही. प्रस्तुत लेखकाने शाळाखात्यातील सारी वर्षे हेच सांगण्यात घालविली आणि आजही त्याचे मत बदललेले नाही. परंतु मुलास फडापासून दूर ठेवणे ही एक गोष्ट, आणि फडाचा इतिहासच घराबाहेर टाकून देणे ही अगदी निराळी गोष्ट. समाजातील पदवीधर, अधिकारी व कारखानदार यांची नावे आपण अभिमानाने छापतो. मात्र ज्यांनी जातीचे नाव फलकावर लिहून महाराष्ट्रभर मिरविले त्यांच्याविषयी चार ओळी लिहावयाच्या म्हटले की संकोच वाटतो. हा संकोच कितपत रास्त आहे, हे वाचकांनी पुढील हकीकत वाचून ठरवावे.

वारूळवाडी व नारायणगाव ही दोन गावे इतकी लागून आहेत की कोठे एक संपते व दुसरे सुरू होते, हे परक्यास उमगत नाही. होळी झाली की या परिसरात पुणे-नाशिक रस्त्यालगत कापडी राहुट्या उभ्या राहू लागतात. प्रत्येक राहुटीवर एकेका फडाचा फलक, आत एक व्यवस्थापक, पुढ्यात तारखांची वही. गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), नाशिक इत्यादी जिल्ह्यांतील गावांचे पंच येथे येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, चहा होतो, घासाघीस होते आणि विसार देऊन आपल्या यात्रेच्या रात्रीसाठी फड ठरविला जातो. यालाच सुपारी म्हणतात. नारायणगावास तमाशाची पंढरी म्हणतात ते यामुळे.

या बाजाराचा भाव तिथीवर चालतो, ही त्यातील मौजेची गोष्ट. चैत्री पौर्णिमा किंवा चैत्र वद्य अष्टमी अशा दिवशी अनेक गावांच्या यात्रा एकदम येतात. त्या रात्रीसाठी फडाची सुपारी फार चढते. तोच फड, तेच कलावंत, तोच वग; पण दोन दिवसांनी रिकाम्या तारखेस तोच पुष्कळ कमी रकमेत मिळतो. पंचांतील जाणती माणसे ठरलेल्या तिथीची यात्रा मागेपुढे करता येत नाही म्हणून हळहळतात. देव काही फडाच्या सोयीने पालखीत बसत नाही.

हे सारे उन्हाळ्यातच का, असे शहरातील वाचक विचारील. रब्बीचे पीक खळ्यातून घरात आलेले असते. मृगाच्या पावसास अवकाश असतो. शेत मोकळे, हाती थोडा पैसा, आभाळ निरभ्र आणि रात्र गार. उघड्यावर रात्रभर बसता येईल असे हेच दोन महिने. फडाचा हंगाम तसा दसऱ्यास सुरू होतो व तंबू-कनातीत तिकिटावर खेळ होतात, पण खरी कमाई चैत्र-वैशाखातील सुपारीवर. वैशाखी पौर्णिमा झाली की फड सुटतो. पुढील पावसाळा कलावंत मालकाकडून घेतलेल्या उचलीवर काढतो आणि ती उचल पुढल्या हंगामात फेडतो. मालक स्वतः सावकाराकडून किंवा मध्यस्थाकडून उचल घेतो. म्हणजे पाडव्यास राहुटीत जो व्यवहार होतो त्यावर शेकडो घरांच्या वर्षाच्या चुली अवलंबून असतात.

आता हे केंद्र नारायणगावीच का झाले? माझ्या मते पहिले कारण रस्ता. दक्षिणेस मंचर व खेड, उत्तरेस आळेफाटा व पुढे संगमनेर, पश्चिमेस जुन्नर, पूर्वेस खोडद. मीना, घोड व कुकडी या नद्यांच्या खोऱ्यांत यात्रा भरविणारी गावे दाट आहेत. खुद्द नारायणगावातही मुक्ताबाई व काळोबा यांची यात्रा भरते व तीत तमाशाचे खेळ होतात. दुसरे कारण म्हणजे येथे ज्यांचे नाव गावास जोडले गेले तो फड, आणि तो आपल्या समाजाचा.

या फडाचा मूळ पुरुष नारायण खुडे. हे घराणे शिरूर तालुक्यातील कवठे यमाईचे. त्यांच्या पुढल्या पिढीने, म्हणजे भाऊ व बापू या बंधूंनी, फड नावारूपास आणला आणि त्यास नाव दिले ते असे : ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’. वाचकहो, या फलकावरील मधला शब्द पुन्हा एकदा वाचा. ज्या काळात त्या शब्दाच्या माणसास पाणवठा मोकळा नव्हता, त्या काळात तो शब्द हातभर अक्षरांत लिहून गावाच्या मध्यभागी टांगला जात होता आणि त्या फलकाखाली सारा गाव मांडी घालून बसत होता. खेळ संपला म्हणजे कलावंतांचा मुक्काम व भाकरी मात्र वेशीबाहेर, हेही तितकेच खरे. रात्री राजाचे सोंग घेतलेला माणूस सकाळी पाणी मागण्यास आडापासून दूर उभा राही. वगातील राजाचे राज्य पहाटेपर्यंतचेच.

तमाशातील बहुतेक कलावंतांनी पुढे जातीचे नाव गाळून गावाचे नाव धरले. कवठेकर, अवसरीकर, धवळपुरीकर, सातारकर ही नावे पाहावीत. अवसरी तर आपल्या शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील. गावाच्या नावात जात झाकली जाते, ही सोय उघड आहे. पण त्यात आणखी एक अर्थ मला दिसतो. ज्या गावाने वेशीच्या आत घर दिले नाही, त्याच गावाचे नाव या लोकांनी आडनाव म्हणून घेतले व चांद्यापर्यंत नेले. नारायणगावचे नाव विदर्भातील शेतकऱ्यास कशामुळे ठाऊक झाले? द्राक्षे व टोमॅटो फार अलीकडचे.

आपल्या समाजाचा या कलेशी संबंध भाऊ-बापूंपासून सुरू झाला असे मात्र कोणी समजू नये. पेशवाईतील शाहीर सर्व जातींचे होते. संगमनेरचे अनंत फंदी व सोलापूरचे रामजोशी ब्राह्मण, तर सगनभाऊ मुसलमान. तमाशात गण, गौळण, लावणी ही अंगे जुनी. पण सलग कथा सांगणारा वग हा पुढे जोडला गेला. पहिला वग म्हणून ‘मोहना-बटाव’ याचे नाव घेतात. तो १८६५ सालचा आणि तो उभा करणारे उमा-बाबू हे सावळजचे, आपल्या समाजाचे. तेव्हा मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीतील प्रयोगाबरोबर त्याच मुलखातील सावळजचेही नाव शाळेत सांगावयास हवे. पाठ्यपुस्तकात ते मला नोकरीभर आढळले नाही. मी तोंडी सांगत असे. पट्ठे बापूराव हे जातीने ब्राह्मण कुलकर्णी. त्यांच्या फडाची कीर्ती ज्या पवळाबाईंनी वाढविली त्या संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसा येथील, महार समाजातील. ढोलकी, हलगी, कडे, तुणतुणे ही वाद्ये पिढ्यानुपिढ्या कोणाच्या हातांत होती, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

भाऊ-बापूंपैकी भाऊंची कन्या विठाबाई. त्यांचा जन्म १९३५ साली पंढरपुरी झाला. बालपण फडातच गेले व त्या लहानपणीच नाचू-गाऊ लागल्या. पुढे त्यांना ‘तमाशासम्राज्ञी’ म्हणू लागले. १९५७ व १९९० साली त्यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. त्यांची एक हकीकत सर्वतोमुखी आहे. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, मध्येच वेणा सुरू झाल्या, पडद्यामागे जाऊन त्यांनी मुलास जन्म दिला, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचण्यास बाहेर आल्या; प्रेक्षकांनीच हात जोडून खेळ थांबविला. ही कथा सांगणारे डोळे विस्फारून सांगतात व ऐकणारे वाहवा करतात. मला ती ऐकून वाहवा करावीशी वाटत नाही. नवव्या महिन्यात ती बाई रंगमंचावर उभी का होती? सुपारी घेतली होती म्हणून, आणि तिच्यामागे साऱ्या फडाची पोटे होती म्हणून. बाळंतपणाची रजा शिक्षिकेस मिळते, कारकुनास मिळते. फडातील स्त्रीस कोणी द्यावयाची? तमाशातील स्त्रियांची उपेक्षा व पिळवणूक झाली हे लपविण्यात अर्थ नाही. ज्या आठीचा आरंभी उल्लेख केला ती आठी पुष्कळदा यासाठीच पडते, आणि तेवढ्यापुरती ती रास्तच आहे. विठाबाई १५ जानेवारी २००२ रोजी वारल्या. अखेरचे दिवस विपन्नावस्थेत गेले. पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनाही तो मिळाला.

शासनाचा व तमाशाचा संबंध पूर्वी असा गोडीचा नव्हता. १९४८ च्या सुमारास खेर मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. कलावंतांची उपासमार होऊ लागली, रदबदली झाली आणि दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली. बंदी उठली, परंतु वगाची संहिता लिहून सरकारी मंडळाकडून तपासून घेण्याचे बंधन पुढे आले. याचा एक अकल्पित लाभ झाला. जे आजवर तोंडी होते, रंगात येईल तसे बदलत होते, ते वहीत उतरले. पुष्कळ कलावंत निरक्षर होते. ते सांगत आणि गावातील एखादा लिहिता-वाचता मनुष्य लिहून घेई. वळणदार अक्षरातील अशा वह्या कोठे कोठे अद्याप आहेत.

याच काळात आपल्याच समाजाचे अण्णा भाऊ साठे यांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात गिरणीकामगाराचे दुःख भरले. १९४४ मध्ये अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. या प्रकारास ‘लोकनाट्य’ हे सोज्वळ नाव मिळाले. अण्णा भाऊंची जयंती आपण १ ऑगस्ट रोजी वाजतगाजत करतो. पण ज्या फडांतून त्यांनी ही विद्या उचलली त्या फडांची आठवण त्या मिरवणुकीत कोणास होत नाही, याचे नवल वाटते.

पुढे मुलूख बदलला. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली. येडगाव, वडज, माणिकडोह, डिंभे यांचे पाणी शेतात आले. ऊस, द्राक्षे व टोमॅटो यांचा पैसा गावात खेळू लागला व यात्रेची वर्गणी वाढली. फड मोठे झाले. बैलगाडीऐवजी मालमोटारी, ग्यासबत्तीऐवजी डोळे दिपविणारे दिवे, आणि एकेका फडात शंभराच्या आसपास माणसे. पाण्याने दिले तसे पाण्याने काही नेलेही. बागायती शेतकऱ्यास आता उन्हाळ्याची सुटी उरली नाही. पहाटे टोमॅटोची गाडी भरावयाची तर रात्रभर वग कोण पाहणार? वग आखडला, सिनेमाची गाणी वाढली. पूर्वी रात्रीच्या खेळानंतर सकाळी पुन्हा ‘हजेरी’ होई, दुपारी कुस्त्यांचा आखाडा. जुन्नर-आंबेगावात यात्रेचे दुसरे अंग म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यती. सर्वोच्च न्यायालयाने त्या मे २०१४ मध्ये बंद केल्या व डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी दिली. मधल्या वर्षांत घाट ओस पडले आणि यात्रेचा उत्साह ओसरला.

परंतु खरा घाला पडला तो २०२० साली. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता, आणि टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. राहुट्यांत पंच येण्याच्या नेमक्या दिवशी रस्ता निर्मनुष्य झाला. यात्रा रद्द झाल्या, विसार परत मागितले गेले, उचल अंगावर राहिली. पुढल्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला आला आणि दुसऱ्याच दिवशी रात्री राज्यात पुन्हा निर्बंध लागू झाले. एक नव्हे, दोन चैत्र गेले. कलावंतांपैकी कोणी भाजी विकली, कोणी शेतमजुरीस गेले. त्यानंतर राहुट्या पुन्हा लागल्या आहेत. तारीख भ्रमणध्वनीवरून ठरविता येत असतानाही पंच अद्याप राहुटीत येऊन बसतात, कारण विसार समक्ष द्यावा हा विश्वासाचा रिवाज आहे.

मागे एका वृद्ध ढोलकीवाल्याच्या घरी पत्र्याच्या पेटीतील वगाच्या वह्या मला पाहावयास मिळाल्या. निम्म्या वाळवीने खाल्ल्या होत्या. वारूळवाडीच्या परिसरात वाळवी असावयाचीच, असे तो हसून म्हणाला. उरलेल्यांत एक वही पूर्ण होती. तिच्या पहिल्या पानावर फडाचे नाव जातीसह लिहिलेले होते व नंतर कोणीतरी शाईने तो एक शब्द खोडला होता. आपल्या संघाच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट रिकामे आहे. ज्यांच्या घरी अशा वह्या, जाहिरातींचे कागद, सुपारीच्या नोंदी किंवा छायाचित्रे असतील त्यांनी ती पुढल्या पाडव्यापूर्वी आणून द्यावी. नक्कल करून मूळ प्रत ज्याची त्यास परत देण्याचे काम करावयास प्रस्तुत लेखक तयार आहे. खोडलेला शब्द नकलेत तसाच लिहिला जाईल.