अण्णांचा ठसका

१९७८ च्या पावसाळ्यात अण्णांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा वाचा-उपचार शिकून मी मुंबईत नुकतीच नोकरीला लागले होते. रजा टाकून वाईला गेले ती चित्रांची कार्डं घेऊनच. पेला, चप्पल, छत्री, गाय. रोज सकाळी खाटेशी बसून त्यांच्याकडून 'पाणी' हा शब्द वदवून घ्यायची माझी खटपट चाले. आईनं माझ्या बाळपणीचं चांदीचं बोंडलं माळ्यावरून काढून घासलं होतं; त्याच्या चोचीतून ती त्यांना निजल्या निजल्याच पाणी पाजायची. पहिले चार दिवस घोटागणिक ठसका लागे. आई टाळूवर थोपटत म्हणे, "वर बघा, वर." पाचव्या दिवशी ठसका थांबला. सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. नवव्या दिवशी ताप भरला, छाती घरघरू लागली. दवाखान्यात नेलं, तिथे न्यूमोनिया झाल्याचं सांगितलं. तो कशानं झाला हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. अण्णा गेले.

ठसका थांबला म्हणजे गिळणं सुधारलंच असं नसतं. घशाचा राखणदारच झोपी गेलेला असू शकतो. मग पाणी बिनबोभाट श्वासनलिकेत उतरतं. हे मला कळायला पुढे दहा वर्षं लागली. ज्या घशातून मी शब्द काढू पाहत होते, त्याच घशाचं दुसरं काम माझ्यासमोर बिघडत होतं. पण ते माझं खातं नव्हतं. कान-नाक-घसावाले आत गाठ आहे का ते पाहत, मेंदूवाले हातपाय पाहत, आणि भरवणं घरच्या बाईकडे असे. गिळणं हे कुणाचं खातं, हा प्रश्न वैद्यकानं फार उशिरा विचारला.

त्याआधीचा मार्ग एकच होता: घसा टाळून पुढे जायचं. लंडनचे शल्यवैद्य जॉन हंटर यांनी १७९० च्या सुमारास गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्या एका रुग्णासाठी ईल माशाच्या कातड्याची नळी केली, तिच्या आत आधाराला देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्टीची काडी घातली आणि ती थेट जठरात उतरवून त्याला जेवू घातलं. १९७९ मध्ये क्लीव्हलंडला गॉडरर आणि पॉन्स्की यांनी पोट न फाडता, दुर्बिणीच्या मदतीनं पोटातून नळी बसवली, तीही काही महिन्यांच्या तान्ह्या बाळाला. हे दोन्ही उपाय जीव वाचवणारेच, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण मधला घसा होता तसाच अंधारात राहिला.

फ्रान्सच्या माजंदी यांनी १८१६ च्या सुमारासच गिळण्याचे तीन टप्पे सांगितले होते: तोंड, घसा, अन्ननलिका. मधला टप्पा जेमतेम सेकंदाचा. तेवढ्यात टाळू वर जातो, स्वरयंत्र वर-पुढे सरकतं, त्याचं दार मिटतं, श्वास थांबतो आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. यातलं काही बाहेरून दिसत नाही. गळ्याची घाटी वर-खाली झालेली दिसते तेवढीच. क्ष-किरणांचा शोध लागून वर्ष उलटतं न उलटतं तोच, १८९६ च्या डिसेंबरात हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्यानं एका हंसाला गिळायला लावून त्याच्या लांब मानेतून घास उतरताना दाखवला. मान हलू नये म्हणून तिच्याभोवती पुठ्ठ्याची उंच कॉलर. बिचारा हंस! पण आमच्या धंद्याचा पहिला रुग्ण मी त्यालाच मानते.

मुलांच्या बाबतीत मात्र एका माणसाचं ऋण आहे आणि त्याच्यापाशी थोडं थांबलंच पाहिजे. शेव्हालिये जॅक्सन, आधी पिट्सबर्ग आणि मग फिलाडेल्फियाचे डॉक्टर. गिळलेल्या, घशात किंवा छातीत अडकलेल्या वस्तू ते नळीवाटे काढत आणि जपून ठेवत: टाचण्या, नाणी, बटणं, खेळणी. त्यांच्या संग्रहातल्या २,३७४ वस्तू आजही तिथल्या म्यूटर संग्रहालयाच्या खणांमध्ये आहेत. पण त्यांचं मोठं काम खणांत मावणारं नाही. त्या काळी अमेरिकेत घरोघरी साबणाला आणि मोऱ्या धुवायला दाहक क्षार आणत. दिसायला साखरेसारखा, डब्यावर इशाऱ्याचा शब्द नाही. पोरं तो तोंडात टाकत, अन्ननलिका भाजून आवळत जाई आणि मूल अन्नापाण्यावाचून वाळत जाई. अशाच एका मुलीची गोष्ट जॅक्सन यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे. पाण्याचा थेंबही खाली जात नव्हता. त्यांनी नळी घालून साचलेला बोळा काढला आणि तिला पेलाभर पाणी दिलं. पाणी उलटून येणार या भीतीनं ती जपून घोट घेत राहिली. ते आलं नाही. पेला बाजूला सारून तिनं डॉक्टरांचा हात हातात घेतला आणि त्याचं चुंबन घेतलं. अशा विषारी डब्यांवर इशारा छापायची सक्ती व्हावी म्हणून जॅक्सन वर्षानुवर्षं झगडले. १९२७ मध्ये तसा कायदा झाला. शस्त्रक्रियेइतकीच चिठ्ठीही औषध असते हे मी त्यांच्याकडून शिकले. आपल्याकडे संडास धुवायचं ॲसिड अजूनही सरबताच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलेलं दिसतं, तेव्हा माझा जीव खालीवर होतो.

आता माझ्या खात्याकडे. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जेरी लोगमन नावाच्या बाई होत्या, माझ्यासारख्याच वाचा-उपचारवाल्या. त्यांच्या आधी क्ष-किरणांत उठून दिसणाऱ्या बेरियमची तपासणी होत नव्हती असं नाही. पण रुग्णाला पेलाभर बेरियम देऊन अन्ननलिका आणि जठर पाहत. घशातला तो सेकंद निसटून जाई. लोगमन यांनी पेला काढून चमचा हातात घेतला. मोजून थोडं पातळ, मग घट्ट, मग बेरियम लावलेला बिस्किटाचा तुकडा. बाजूनं चित्र घ्यायचं, ते टेपवर उतरवायचं आणि एकेक चौकट थांबवून पाहायची. यातली खरी मेख पुढे आहे. चूक दिसली की अहवाल लिहून त्या मोकळ्या होत नसत. तिथल्या तिथे उपाय करून पाहत. हनुवटी छातीकडे आणा, आता गिळा. मान लुळ्या बाजूला वळवा, आता गिळा. कशानं घास नीट जातो ते पडद्यावरच ठरे. १९८३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, १९८६ मध्ये या एकाच विषयाला वाहिलेलं नियतकालिक निघालं, आणि १९८८ मध्ये सुझन लँगमोर यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून खाटेशीच गिळणं पाहायची रीत मांडली.

त्या पुस्तकाची झेरॉक्स माझ्या हाती आली ती ऐंशीचं दशक सरताना, अक्षरं पुसट झालेली. क्ष-किरण विभागातल्या डॉक्टरांना मस्का लावून दुपारची रिकामी वेळ मिळवली. घरून चमचे, वाट्या आणि ग्लुकोज बिस्किटं नेली. पहिले रुग्ण होते एक निवृत्त बस कंडक्टर. चमचाभर पातळ बेरियम दिलं. पडद्यावर काळी रेघ घशातून खाली आली आणि सरळ श्वासनलिकेत उतरली. ते शांत बसले होते. ठसका नाही, डोळ्यांत पाणी नाही. उलट मलाच विचारलं, "झालं का, बाई?" मला वाईची खाट दिसली. मग म्हटलं, "काका, हनुवटी खाली घ्या, आता गिळा." या वेळी रेघ मागून, योग्य वाटेनं गेली.

म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपण "वर बघ, चिमणी बघ" म्हणत आलो आणि उपाय निघाला मान खाली घालण्यात. सगळ्यांना तो लागू पडतो असं नाही. म्हणून तर पाहायचं असतं.

लहान मुलांचं काम मुंबईत निराळ्या दारानं आलं. १९७२ मध्ये मिथू अलूर यांनी स्पास्टिक्स सोसायटी काढली आणि सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या आयांना कुणीतरी पहिल्यांदा विचारलं, एक जेवण भरवायला किती वेळ लागतो? तास, दीड तास. मांडीवर आडवं घ्यायचं, मान मागे टाकायची, घास वरून सोडायचा. गिळलं नाही तरी खाली पडेलच. अशा आयांना आधी मी मुलाला बसवायला शिकवायचे, मग जबड्याला बोटांचा आधार द्यायला. चमचा ही शेवटची गोष्ट.

घट्टपणाचं शास्त्र आमच्या बायकांना शिकवावं लागलं नाही. ताक, सार, पेज, आंबील, आटवल, गुरगुट्या भात ही चढती भाजणी त्यांना पाठच होती. आता जगभर शून्य ते सात अशा आठ पायऱ्या ठरल्या आहेत. त्यातले पातळ पदार्थ मोजायचं साधन म्हणजे दहा मिलिलिटरची सिरिंज. भरायची, दहा सेकंद गळू द्यायची आणि उरलं किती ते पाहायचं. मी ताक आणि नाचणीची आंबील दोन्ही गाळून पाहिली आहेत. ताक सगळं गळून गेलं, आंबील निम्म्यावर थबकली. पण घट्ट करून दिलं की संपलं, या समजुतीलाही लोगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच धक्का दिला. २००८ मध्ये त्यांनी स्मृतिभ्रंश आणि पार्किन्सनच्या शेकडो रुग्णांवरचा अभ्यास छापला. पडद्यावर घट्ट द्रव हनुवटीच्या उपायापेक्षा सरस ठरला होता. तीन महिन्यांतल्या न्यूमोनियात मात्र ठळक फरक पडला नाही. वर, घट्ट पाणी प्यायचा लोकांना कंटाळा येतो आणि अंगातलं पाणी कमी होतं. इतकी वर्षं स्वतः शिकवलेल्या गोष्टीची अशी परीक्षा घेणारी बाई मला फार आवडते. २०१४ मध्ये त्या वारल्या.

बोंडलं अजून माझ्या कपाटात आहे. तान्ह्यांसाठी ती जात उत्तमच. टाळू फाटलेल्या बाळांना आजही तसल्याच चोचीच्या भांड्यानं दूध पाजतात. निजलेल्या मोठ्या माणसासाठी मात्र नाही. तुमच्या घरी कुणाला झटका आला, तर पाण्याचा पहिला घोट देण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा: यांचं गिळणं कुणी तपासलं आहे का?