पट्टा, टोपी आणि सालीचे जोडे

मुलाच्या अंगावरचा कपडा बापाची ऐपत सांगतो, हे आपल्या परिचयाचे आहे. झारशाहीच्या अखेरच्या रशियात तो मुलाचे भवितव्यही सांगत असे.

खेड्यातल्या पोराचा सदरा म्हणजे ‘कोसोवोरोत्का’. त्याची बटणे गळ्याच्या मध्यावर नसून एका बाजूस असत. तो विजारीवर सोडून कमरेला गोफ बांधायचा. पायांत झाडाच्या सालीचे विणलेले ‘लाप्ती’. कडक थंडीत लोकर दाबून केलेले ‘वालेन्की’.

शहरातील ‘जिम्नाझियम’ शाळेच्या विद्यार्थ्याचा थाट निराळा! बिल्ल्याची टोपी, लांब ओव्हरकोट आणि चकचकीत बकलाचा कातडी पट्टा. पण ह्या पट्ट्यापर्यंत पोचणे सोपे नव्हते. गाडीवान, स्वयंपाकी, धोबिणी ह्यांची मुले ह्या शाळांत येऊ देऊ नयेत, असे परिपत्रक शिक्षणमंत्री देल्यानोव्ह ह्यांनी १८८७ साली काढले होते.

राजपुत्र अलेक्सेई लहानपणी खलाशाच्या पोशाखात वावरे. रक्त न गोठण्याच्या विकारामुळे त्याला कित्येकदा खराखुरा खलाशीच उचलून नेई. १९१५ साली मोगिलेव्हच्या लष्करी ठाण्यावर तो साध्या शिपायाच्या वेषात राहिला. १९१८ च्या जुलैत येकातेरिनबुर्ग येथे आईबापांसह त्याचीही हत्या झाली. चौदावे वर्ष पुरे व्हायचे होते.

क्रांतीनंतर शाळेचा जुना गणवेष गेला. १९२२ पासून ‘पायोनियर’ मुलांच्या गळ्यात तांबडा रुमाल आला. आणि काळाची थट्टा पाहा! १९४९ च्या सुमारास, स्टालिनच्याच अमदानीत, तसाच पट्टा आणि तशीच टोपी शाळेत परतली. ह्या खेपेस मात्र ती धोबिणीच्या मुलालाही मिळाली.