मजकुराची खिडकी कोणाच्या हाती? : ईमॅक्समधील पटल-विभाजनाचा इतिहास

संगणकावरील लेखनसाधनांचा इतिहास पाहताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा त्यांच्या आज्ञांकडे व गतीकडे जाते. नवा मजकूर पडद्यावर कोठे उमटावा आणि त्याच्यासाठी कोणता मजकूर दूर सारावा, हा प्रश्न किरकोळ समजला जातो. वस्तुतः लेखक, आज्ञा रचणारा आणि खुद्द प्रणाली या तिघांतील अधिकारविभागणी येथेच स्पष्ट होते. ईमॅक्स या संपादक-प्रणालीच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ईमॅक्सचा उगम १९७६ मध्ये एम.आय.टी.च्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झाला. टेको या जुन्या संपादकासाठी लिहिलेल्या आज्ञासमूहांतून रिचर्ड स्टॉलमन यांनी गाय स्टील यांच्या सहकार्याने ती उभी केली. पुढे १९८५ मध्ये ग्नू ईमॅक्स सर्वांसाठी खुली झाली. तिच्या परिभाषेत स्मृतीत उघडलेला मजकूर म्हणजे 'बफर' आणि तो दाखविणारा पडद्याचा भाग म्हणजे 'खिडकी'. इतरत्र आज ज्याला खिडकी म्हणतात त्याला येथे 'फ्रेम' म्हणतात. कारण ही परिभाषा माउसने हलविता येणाऱ्या खिडक्या सर्वत्र रूढ होण्यापूर्वीची आहे. बफर अनेक असतात, खिडक्या मात्र मोजक्या. या विषमतेतूनच आपला प्रश्न उद्भवतो.

आरंभीच्या काळी जागेची टंचाई हीच निर्णायक होती. १९७८ मधील व्हीटी-१०० या प्रसिद्ध टर्मिनलवर २४ ओळी व ८० स्तंभ मावत. असा पडदा आडवा दुभागला, आणि खिडक्यांच्या स्थितिदर्शक ओळी व तळाची संदेश-ओळ वजा केली, तर प्रत्येक खिडकीस जेमतेम १० ते ११ ओळी उरत. अशा स्थितीत एक खिडकी आपली आणि 'दुसरी' खिडकी येणाऱ्या मजकुराची, एवढी व्यवस्था पुरेशी होती. 'दुसऱ्या खिडकीत दाखवा' या अर्थाच्या अनेक आज्ञा आजही ईमॅक्समध्ये आहेत.

पुढे पडदे रुंद झाले आणि हा संकेत अपुरा पडू लागला. २००९ च्या २३ व्या आवृत्तीत विभाजनाचे नियम नव्याने मांडले गेले. खिडकी निदान ८० ओळींची असेल तर ती आडवी दुभागावी. तसे नसेल आणि रुंदी निदान १६० स्तंभ असेल तर उभी दुभागावी. दोन्ही शक्य नसले तरी खिडकी एकटीच असल्यास ती आडवी दुभागावी. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. १६० ही संख्या ८० ची दुप्पट आहे, आणि ८० स्तंभांची परंपरा आय.बी.एम.च्या १९२८ मधील छिद्रपत्रापर्यंत मागे जाते.

विभाजन अशक्य ठरल्यास प्रणाली सामान्यतः सर्वांत दीर्घकाळ न वापरलेली खिडकी निवडते. वरवर पाहता हे तर्कशुद्ध वाटते. परंतु पाठचिकित्सा करणाऱ्याने मूळ प्रत, पाठभेद व टिपणे शेजारी मांडून ठेवावीत, आणि साहाय्यकाने 'याला बराच वेळ हात लागला नाही' म्हणून मूळ प्रतीवरच नवा कागद ठेवावा, तसे हे आहे. मूळ प्रतीला हात लागत नाही, कारण ती केवळ पाहावयाची असते. वापराची वारंवारता आणि महत्त्व या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे भान या नियमास नाही.

या अडचणीवर पूर्वी विशिष्ट बफरांच्या नावांच्या सुट्या याद्या करून तात्पुरते उपाय केले जात. २०१२ च्या २४ व्या आवृत्तीने त्यांच्या जागी एक सुसंगत क्रम आणला. बफर दाखविताना प्रथम तात्पुरता सर्वोच्च आदेश पाहावयाचा. नंतर वापरणाऱ्याने 'डिस्प्ले-बफर-अलिस्ट' या यादीत लिहिलेले नियम. त्यानंतर आज्ञा रचणाऱ्याची इच्छा. मग वापरणाऱ्याचा सर्वसाधारण कल. आणि अखेरीस प्रणालीचे स्वतःचे उपाय. असलेली खिडकी पुन्हा वापरावी, नवी पाडावी, की कडेची राखीव जागा द्यावी, हे आता नियमाने ठरविता येते. आगंतुक मजकूर बंद करताच त्याच्यासाठी पाडलेली खिडकी मिटावी वा पूर्वीचा मजकूर परत यावा, अशीही सोय झाली.

या बदलाचे ऐतिहासिक महत्त्व त्याच्या क्रमात आहे. वापरणाऱ्याचा लिखित नियम आज्ञाकर्त्याच्या इच्छेच्या वर बसविला गेला. तथापि या अधिकारास मर्यादा होत्या. खिडकीतील बफर थेट बदलणारी आज्ञा हा क्रम सहसा जुमानीत नसे. तिलाही तो लागू करण्याचा पर्याय २०२० च्या २७ व्या आवृत्तीत आला, आणि तोही आपण निवडला तरच. शिवाय हे नियम लिस्प भाषेत लिहावे लागतात. जो ते लिहीत नाही, त्याच्यापुरता छिद्रपत्राच्या मापाचा वारसाच अंमल करतो. तात्पर्य, अधिकार मिळाला आहे. परंतु तो ज्याला लिहिता येतो त्याच्याच हाती पडतो.