चंदेरीची 'स्त्री' आणि हसणारे प्रेक्षक

१५ ऑगस्ट २०२४ रोजी 'स्त्री २' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि भुताच्या या विनोदी गोष्टीस प्रेक्षकांनी अपेक्षेबाहेर गर्दी केली. भारतातील त्याचे निव्वळ उत्पन्न सहाशे कोटी रुपयांच्या जवळ पोहोचले. हिंदी भाषेतील तोवरच्या सर्व चित्रपटांना त्याने मागे टाकले. हा मान काही महिन्यांतच 'पुष्पा २' च्या हिंदी रूपाकडे गेला, ही गोष्ट वेगळी. २०१८ सालच्या पहिल्या 'स्त्री'चे उत्पन्न सुमारे एकशेतीस कोटींचे होते. म्हणजे सहा वर्षांत त्याच गावातील, त्याच पात्रांच्या गोष्टीस चौपटीहून अधिक प्रतिसाद मिळाला.

अशा चित्रपटाची चर्चा आपल्या पत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्यास दोन कारणे आहेत. पहिले असे की, ही गोष्ट ज्या चंदेरीत घडते ते गाव एके काळी ग्वाल्हेर संस्थानात होते आणि त्याचे धागे आपल्या घरांपर्यंत येतात. दुसरे असे की, भुताला भिण्यासाठी आलेले प्रेक्षक हसले, आणि शेवटी त्याच भुताचा जयजयकार करू लागले. या प्रतिक्रियेस फार जुना इतिहास आहे. तो ध्यानात घेतल्याखेरीज या यशाचा उलगडा होत नाही, आणि उत्तरार्धात काय निसटले तेही कळत नाही.

प्रथम गावाविषयी. बेतवा नदीच्या खोऱ्यात, टेकड्यांच्या कुशीत वसलेली चंदेरी आज मध्य प्रदेशाच्या अशोकनगर जिल्ह्यात आहे. २००३ साली हा जिल्हा होण्यापूर्वी ती गुना जिल्ह्यात मोडत असे. माळव्याच्या सुलतानांनी येथे बांधलेल्या वास्तूंपैकी कोशक महाल व बादल महाल दरवाजा अद्याप उभे आहेत. जानेवारी १५२८ मध्ये बाबराने मेदिनीरायाकडून हा किल्ला घेतला. त्या वेळी किल्ल्यावरील स्त्रियांनी जोहार केला. त्याचे स्मारक वर तलावाकाठी आहे, आणि खालच्या बाजूच्या एका दरवाजास लोक 'खूनी दरवाजा' म्हणतात. पुढे बुंदेल्यांचे राज्य आले. १८११ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या वतीने जाँ बातिस्त फिलोज याने चंदेरी जिंकली. १८५८ च्या मार्चमध्ये ह्यू रोझने ती बंडवाल्यांकडून घेतली आणि १८६०-६१ च्या सुमारास ती पुन्हा शिंद्यांच्या स्वाधीन झाली.

चंदेरीचे विणकर मराठे सरदारांसाठी अरुंद मागांवर पागोटी विणीत असत. १९१० मध्ये शिंदे दरबाराने तेथे विणकामाचे शिक्षण देणारे केंद्र काढले. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील कितीतरी जुन्या घरांच्या पेटाऱ्यांत आजीचे चंदेरी लुगडे घडी करून ठेवलेले सापडेल. तेव्हा चित्रपटाचा नायक चंदेरीतला शिंपी आहे, ही योजना मोठी समर्पक वाटते. कापडावर जगणाऱ्या गावाची गोष्ट कापड बेतणाऱ्याच्या तोंडून आलेली आहे.

शासकीय सेवेत असताना दौऱ्याच्या निमित्ताने चंदेरीत मुक्काम करण्याचे योग मला अनेकदा आले. संध्याकाळी मागांचा खटखट आवाज थांबला की गल्ल्या एकाएकी शांत होतात, आणि टेकडीवरच्या किल्ल्याची काळी रेघ तेवढी दिसत राहते. भुताच्या गोष्टीस याहून योग्य जागा शोधूनही मिळाली नसती.

मात्र पहिल्या 'स्त्री'चे बीज मूळ चंदेरीचे नव्हे. एकोणीसशे नव्वदच्या दशकात बंगळूर व आसपासच्या भागात घरांच्या दारांवर कानडीत 'नाळे बा' असे लिहिले जाऊ लागले. त्याचा अर्थ 'उद्या ये'. रात्री एक भूत ओळखीच्या आवाजात हाक मारते. दारावरील अक्षरे वाचून ते परत फिरते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाचते, अशी समजूत होती. बेळगाव-धारवाडकडील वाचकांस हे शब्द सांगावयास नकोत. चित्रपटकारांनी ही कल्पना बुंदेलखंडाच्या सीमेवर नेली. उत्सवाच्या चार रात्रींत पुरुषांना पळवून नेणारी स्त्री तिच्याभोवती रचली आणि चंदेरीच्या भिंतींवर 'उद्या ये' ही विनवणी हिंदीत लिहविली.

येथेच प्रेक्षक पहिल्यांदा हसला. भूत शिकलेले आहे, त्यास वाचता येते आणि ते लिहिलेले पाळते, ही कल्पना हास्यकारक खरीच. परंतु हसता हसता एक उलटापालट त्याच्या ध्यानी येते. रात्री बाहेर पडण्यास भिणारे, घरात कोंडून घेणारे, सोबतीशिवाय पाऊल न टाकणारे येथे पुरुष आहेत. ज्या भयात आपल्या घरच्या लेकीसुना आयुष्य काढतात, ते चार रात्रींपुरते पुरुषांच्या वाट्यास आले. पुढे कळते की, ही स्त्री म्हणजे गावातली एक गणिका. तिच्यावर प्रेम करून तिच्याशी लग्न करणारा एक पुरुष निघाला, आणि गावाने लग्नाच्या रात्रीच दोघांना मारले. तिला हवा होता मान. चित्रपटाच्या अखेरीस गाव तो देते. तिचा पुतळा उभा राहतो आणि भिंतीवरचा 'उद्या ये' हा मजकूर बदलून तेथे 'रक्षण कर' अशी प्रार्थना येते.

हा शेवट अनेकांना नवा वाटला. आपल्या लोकधर्मात मात्र तो शतकानुशतके घडत आला आहे. सिंधुदुर्गातील आरवलीचा वेतोबा पाहावा. वेताळ हा भुतांचा राजा, पण आरवलीत तो गावाचा राखणदार आहे. रात्री तो सीमेवर फिरतो म्हणून भाविक त्याला भल्या मोठ्या चामडी वहाणा वाहतात, आणि त्या झिजलेल्या दिसतात असे सांगतात. गोव्यात देवचार वाटसरूस घरापर्यंत सोबत करतो, आणि आमोणे, लोलये येथे बेताळाची पूजा होते. सीमेवरचा म्हसोबा, पाणवठ्यावरच्या साती आसरा, पिंपळाखालचा मुंजोबा या सर्वांची रीत एकच आहे. ज्याचे भय वाटते त्यास नाव द्यावे, त्याची तक्रार ऐकावी, त्यास जागा व मान द्यावा आणि मग त्याच्याकडेच राखण सोपवावी. कोसंबींनी पुण्याच्या परिसरातील देवस्थानांचा पायी फिरून अभ्यास केला, तेव्हा वेताळाकडे व गावोगावच्या मातृदेवतांकडे त्यांचे लक्ष गेले ते उगाच नव्हे. शेंदराच्या थराखाली बहुधा जुने भय व जुना अन्याय दडलेला असतो.

हिंदी चित्रपटाने ही रीत पुष्कळ काळ स्वीकारली नव्हती. १९४९ च्या 'महल'मधील भटकणारी स्त्री अखेरीस जिवंत निघते. 'बीस साल बाद' (१९६२) आणि 'वह कौन थी' (१९६४) यांतही भुताआड माणसाचेच कारस्थान असते. मेहमूदच्या 'भूत बंगला'ने (१९६५) भय व विनोद एकत्र आणले, पण तेथेही भूत खोटेच. बिमल रॉय यांचा 'मधुमती' (१९५८) हा ठळक अपवाद. पुढे रामसे बंधूंनी खरी भुते आणली. 'पुराना मंदिर' (१९८४) हे त्यातले प्रसिद्ध उदाहरण. पण ती भुते नष्ट करण्यासाठीच असत. त्यांची बाजू कोणी ऐकत नसे. १९९३ च्या मल्याळी 'मणिचित्रताळ्'वरून बेतलेल्या 'भूल भुलैया'त (२००७) मनोविकार हे उत्तर होते. २०२२ च्या त्याच्या उत्तरार्धात मात्र खरेच भूत आले आणि प्रेक्षकांनी ते बिनतक्रार स्वीकारले. मराठी प्रेक्षकास भय आणि हसू यांची सांगड अगोदरच ठाऊक होती. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'मध्ये (१९९३) बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू मुलांना रात्री झोपू देत नसे, आणि दिवसा तीच मुले त्याची नक्कल करीत.

आता उत्तरार्धाकडे येऊ. 'स्त्री २' मध्ये राखण करणारी स्त्री गाव सोडून गेली आहे आणि तिच्या जागी 'सरकटा' आला आहे. जिवंतपणी स्त्रियांवर सत्ता गाजविणारा, आणि तिच्याच हातून शिर गमावलेला हा पुरुष. तो नव्या विचारांच्या मुलींना उचलून नेतो. याहून भयंकर म्हणजे तो गावातल्या पुरुषांची बुद्धी फिरवितो. कालपर्यंतचे साधे बाप-भाऊ मुलींची शाळा बंद करू लागतात.

ग्वाल्हेरच्या चित्रपटगृहात हा चित्रपट पाहताना माझे लक्ष पडद्याइतकेच प्रेक्षकांकडे होते. रुद्रभैया आणि जना यांच्या प्रत्येक वाक्याला शिट्ट्या पडत होत्या. सरकट्याचे मुंडके घरंगळत आले की लहान मुले आईच्या कुशीत तोंड लपवीत आणि लगेच बोटांच्या फटीतून पाहत. वेणीचा फटकारा बसला की सर्वांत मोठा आवाज मुलींच्या रांगांतून उठे. पण पुरुषांची बुद्धी फिरते त्या प्रसंगी सभागृह विलक्षण शांत झाले. तेथे हसण्याजोगे काही नव्हते, आणि भूतही पडद्यावर नव्हते. माझ्या मते या चित्रपटातील एकमेव खरे भय तेच.

या सरकट्याच्या रूपातही जुन्या परंपरेची एक उलटापालट आहे. शिर तुटल्यावरही लढणारे धड आपल्याकडे वीराचे लक्षण मानले जाते. राजस्थान-माळव्यात झुंझारांच्या अशा कथा आहेत. पुरंदरावर मुरारबाजी देशपांड्यांचे धड लढत राहिले, ही आख्यायिका आपण बालपणापासून ऐकली आहे. रामायणातील कबंध मात्र राक्षस होता. चित्रपटाने वीराऐवजी कबंधाची वाट धरली. डोके नसलेली सत्ता म्हणजे विचार नसलेली सत्ता, हा अर्थ प्रेक्षकास कोणी समजावून द्यावा लागला नाही. आणि गंमत अशी की, चंदेरीच्या जागेश्वरी देवीची आख्यायिका याच्या नेमकी उलट आहे. देवीने घातलेली मुदत संपण्यापूर्वी राजाने मंदिराचे दार उघडले, म्हणून देवीचे केवळ मस्तक प्रकट झाले, असे तेथील लोक सांगतात. टेकडीवर देवीचे मस्तक आणि गोष्टीत दैत्याचे धड, हा योग चित्रपटकारांनी साधला की आपोआप जुळला, कोण जाणे!

तरीही उत्तरार्धाविषयी अनेकांनी जी कुरकुर केली ती निराधार नाही. विनोद वाढला, गलका वाढला, पाहुणे कलाकार वाढले आणि भीती पातळ झाली, असे पुष्कळांचे मत पडले. स्त्रियांच्या मुक्ततेच्या गोष्टीत मध्येच नृत्यगीताची मेजवानी कशाला, असेही काहींनी विचारले. मला याचे मूळ वेगळे दिसते. लोकरीतीत भुताला ठाव मिळाला की गोष्ट संपते. वेतोबाला वहाणा वाहिल्यावर तो पुन्हा भूत होत नाही. उत्तरार्धाच्या व्यवसायाला मात्र न संपलेली गोष्ट लागते. म्हणून जिला आपण नुकतेच मानाने स्थापिले तिला गावाबाहेर पाठवावे लागते आणि नवे संकट आणावे लागते. पहिल्या चित्रपटात गावाने आपली चूक ओळखून तिची क्षमा मागितली होती. दुसऱ्यात ते केवळ मदतीसाठी हाक मारते. प्रेक्षक टाळ्या दोन्हीकडे वाजवितात, पण पहिल्या टाळीत थोडी शरम होती.

'स्त्री २' च्या दोनच महिने आधी, ७ जून २०२४ रोजी, त्याच निर्मात्यांचा 'मुंज्या' प्रदर्शित झाला. आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकाने कोकणातील ही गोष्ट हिंदीत सांगितली आणि तिनेही भारतात शंभर कोटींचा टप्पा गाठला. मुंज झालेला मुलगा सोडमुंजीपूर्वी वारला तर तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, हा समज आपल्या घरांत सर्वांना ठाऊक होता. आज आपल्याच नातवंडांना मुंजा प्रथम भेटला तो हिंदी बोलताना, चित्रपटगृहात.

याबद्दल खंत करावी की समाधान मानावे, हे ज्याने त्याने ठरवावे. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी आपले पूर्वज नर्मदेपलीकडे आले, तेव्हा कुलदैवतांबरोबर ही भुतेही घेऊन आले. येथे आल्यावर शेजाऱ्यांची चुडैल व जिन्न त्यांत मिसळले. माझ्या आजीच्या गोष्टीतील हडळ शिप्रेच्या काठी राहत असे आणि मराठीत दम देऊन हिंदीत पळ काढीत असे. अशा गोष्टी कोणत्याही गॅझेटियरमध्ये नाहीत. कोणत्या वाड्यात कोणता समंध होता, त्याला नैवेद्य कोण दाखवी आणि त्याच्यावर अन्याय कोणी केला होता, हे सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत. सहाशे कोटींच्या चित्रपटाने एवढे तरी दाखवून दिले की, हे ऐकण्यास लोक उत्सुक आहेत. ज्या घरांत सांगणारे अद्याप आहेत, त्यांनी दिवाळीच्या सुटीत मुले एकत्र जमली की एक संध्याकाळ यासाठी ठेवावी, आणि जमल्यास ते वहीत उतरवून घ्यावे.