साडेआठ शिलिंगांचा संप : डॉक्टर, सरकार आणि १९१२ चे ब्रिटन

१/८
एका कामगाराच्या वर्षभराच्या उपचारांचे मोल किती? १९१२ साली ब्रिटिश सरकार म्हणत होते : ६ शिलिंग, औषधांसह. डॉक्टरांची संघटना म्हणत होती : ८ शिलिंग ६ पेन्स, औषधे वगळून. सरकारी आरोग्य विम्याच्या दरांवरून झालेल्या या आरंभीच्या मोठ्या संघर्षाविषयी हा थ्रेड.

२/८
अर्थमंत्री डेव्हिड लॉईड जॉर्ज यांनी १९११ मध्ये राष्ट्रीय विमा कायदा संमत करून घेतला. पुरुष कामगारामागे दर आठवड्याला त्याने स्वतः ४ पेन्स, मालकाने ३ आणि सरकारने २ भरायचे. मोबदल्यात आजारपणाचा भत्ता आणि डॉक्टरचे उपचार.

३/८
तत्पूर्वी कामगारांच्या परस्पर साहाय्य संस्था डॉक्टरांना माणशी वार्षिक ठोक रक्कम देत. ती तुटपुंजी होतीच. पण कामगारांच्या मंडळाने आपल्यावर हुकमत गाजवावी, हे डॉक्टरांना अधिक बोचे. सरकारने हा कारभार स्थानिक विमा समित्यांकडे सोपवला. उरला प्रश्न पैशांचा.

४/८
ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने २६ हजारांहून अधिक डॉक्टरांच्या सह्या मिळवल्या : संघटनेला मान्य अटींशिवाय काम करणार नाही.

५/८
लॉईड जॉर्ज यांनी हिशेब तपासायचे ठरवले. हिशेब तपासनीस सर विल्यम प्लेंडर यांनी सहा नगरांतील डॉक्टरांच्या वह्या पाहिल्या. दरडोई उत्पन्न ५ शिलिंगांहूनही कमी निघाले. मागणीचा नैतिक आधार तिथेच डळमळला.

६/८
तरीही ऑक्टोबरमध्ये सरकारने दर औषधांसह ९ शिलिंगांपर्यंत वाढवला. डॉक्टरांच्या वाट्याला त्यातले सुमारे ७. डिसेंबरमध्ये संघटनेने ११,२१९ विरुद्ध २,४०८ मतांनी तोही नाकारला.

७/८
मात्र गरीब वस्त्यांतील डॉक्टरांना बुडीत उधारीपेक्षा ही हमखास रक्कम मोलाची होती. १५ जानेवारी १९१३ रोजी उपचार सुरू झाले, तोवर दहा हजारांहून अधिक डॉक्टर ‘पॅनल’वर, म्हणजे विम्याच्या यादीवर, आले होते. संघटनेला सभासदांना शपथेतून मुक्त करावे लागले. हाच ‘पॅनल डॉक्टर’ पुढे राज्य कामगार विमा योजनेतून मुंबईच्या कामगारवस्त्यांतही पोहोचला.

८/८
सरकारला हा सौदा साधला, कारण लाखोंच्या वतीने बोलणारा तो एकच ग्राहक होता आणि त्याने वह्या उघडायला लावल्या. पण स्वतः विमाधारक नसलेल्या कामगारपत्नीला आणि मुलांना या विम्यात डॉक्टर नव्हता. रुग्णालयाचा सर्वसाधारण खर्चही त्यात बसत नव्हता. म्हणून सरकारी विम्याचा दर वाचताना आणखी एक प्रश्न विचारावा : हा सौदा कोणासाठी झाला, आणि कोणाला वगळून?